ती आली होती

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
७ मार्च २००४

प्रिय सुवर्णाताई,

सप्रेम जय भीम.

ईमेल सोडून कागदावर लिहितेय, म्हणजे मी चिडलेली आहे हे तू ओळखलं असशीलच. इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलं की माझा राग मलाच वाचता येत नाही, तुला कुठून येणार.

माझं काम तुला फोनवर कधी धड सांगता आलं नाही. इथल्या आफ्रिकन-अमेरिकन बायका छातीच्या कॅन्सरची तपासणी करून घ्यायला का येत नाहीत, हे शोधायचा आमचा प्रकल्प आहे. प्रश्नच कसा घातलाय बघ. त्या येत नाहीत हे आधीच ठरलंय, आम्ही फक्त कारणं गोळा करायची. त्या घाबरतात, सगळं देवावर सोडतात, त्यांना स्वतःची पर्वा नसते, अशी. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी पोस्टरचा नमुना दाखवला. गुलाबी स्वेटर घातलेली एक हसरी काळी बाई आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'तुमचा जीव तुमच्या हातात. वेळेवर या.' सगळ्यांनी माना डोलावल्या. पगार घेते म्हणून मीही डोलावली.

शनिवारी मी प्लेनफील्डला मिस व्हर्नाच्या सलूनमध्ये बसते. केस सरळ करून घ्यायला, बारीक वेण्या घालून घ्यायला बायका तिथे अर्धा दिवस अडकलेल्या असतात, म्हणून साहेबांनी ती जागा निवडली. बाई खुर्चीत, डोक्याला क्रीम, उठून पळायची सोय नाही. मी स्टूल ओढून बाजूला बसायचं आणि तपासणीबद्दल बोलायचं. मिस व्हर्ना त्या सलूनची मालकीण, साधारण तुझ्याच वयाची. पोरीसोरी काय, म्हाताऱ्यासुद्धा तिला नुसतं व्हर्ना म्हणत नाहीत. आपण बाई म्हणतो तसं ते 'मिस'.

काल मी माझं पढवलेलं बोलत होते. ती कोणाच्या तरी वेण्या घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "आणि जी आली होती, तिच्याबद्दल तुमच्याकडे काय लिहितात?"

मी विचारलं, कोण आली होती?

"मी."

गेल्या वसंतात तिला डाव्या छातीत गाठ लागली. त्याच आठवड्यात ती दवाखान्यात गेली. डॉक्टरनं बसल्या जागेवरून सांगितलं, चरबी आहे, वजन कमी कर, सहा महिन्यांनी ये. ती सहा महिन्यांनी गेली. तो डॉक्टर नोकरी सोडून गेलेला. नव्यानं ब्लड प्रेशरवर व्याख्यान दिलं आणि गाठीचं पुढच्या वेळी बघू म्हणाला. पुढच्या वेळी छातीचा फोटो काढायचं मशीन बंद होतं. ताई, ती बाई तीनदा गेली. आणि आमच्या पोस्टरवर तिलाच सांगणार, वेळेवर या.

साहेबांना कालच फोन करून सांगितलं तर म्हणाले, हा एक अपवाद झाला. मला त्या सलूनमध्ये दर शनिवारी अपवादच भेटतात.

तुझी
सुजाता

*

सनीव्हेल, कॅलिफोर्निया
२८ मार्च २००४

प्रिय सुजाता,

सप्रेम जय भीम.

तुझा राग पोस्टानं सुखरूप पोचला. रवींद्र म्हणाला, पाकीट उघडताना चिमटा वापर. लहानपणीही तू अशीच होतीस, भांडण दुसऱ्यांचं आणि लाल तू व्हायचीस.

आमचं ठीक चाललंय. सॉफ्टवेअरच्या नव्या रिलीजमुळे टेस्टिंगचं काम डोक्यावरून वाहतंय. ईशान तर आता मराठीत फक्त जेवणच मागतो. आयसेलिनच्या इंडियन दुकानांत गेलीस की ज्वारीचं पीठ घेऊन ठेव, कुणी इकडे येणारं असलं तर पाठव.

एक बोलू? रागावू नकोस, म्हणजे रागावशीलच. त्या बायकांचंही काही चुकत असणारच. आमच्या कॅफेटेरियात दोघी आहेत, स्वभावानं चांगल्या, पण सारखं तळलेलं आणि गोड खातात, चालायचं नाव नाही. मी एकदा सांगून बघितलं, नुसत्या हसल्या. आपली माणसं बघ, शिकली आणि वर आली. ज्याला स्वतःच्या जिवाची किंमत नाही त्याची काळजी तू किती वाहणार? नोकरी सांभाळ. नोकरीवरच व्हिसा आहे तुझा, साहेबांशी वाकड्यात शिरू नकोस.

आम्ही डिसेंबरात नागपूरला जातोय, तिकिटं काढली. दात, चष्मा, रवींद्रचा गुडघा, सगळं मोरेश्वरकाकांच्या दवाखान्यात दाखवून येऊ. इथे डॉक्टरकडे जायचं म्हणजे अनोळखी माणसापुढे जन्मापासूनची कहाणी सांगा. काका हात लावतात आणि त्यांना कळतं. शिवाय यंदा ग्रीन कार्डचं मेडिकल निघेल. इथल्या फाइलवर उगाच काही चढायला नको, सगळेच असं म्हणतात.

हो, एक राहिलं. इथली एक मैत्रीण विचारत होती. तिला उजव्या बाजूला, काखेजवळ, हरभऱ्याएवढी गाठ लागते. दुखत मुळीच नाही. दुखत नसेल तर काळजीचं कारण नसतं ना? तुझ्या कामातलं म्हणून विचारलं.

तुझी
ताई

*

पिस्कॅटवे
१६ मे २००४

ताई,

आधी तुझ्या मैत्रिणीचं. दुखत नाही म्हणूनच तिला जायला सांग. उद्याच. तिच्याकडे विमा असेल, गाडी असेल, सुट्टी टाकली तर नोकरी जाणार नसेल. एवढं सगळं असून ती तुला विचारत बसली असेल तर तिला माझ्यातर्फे मूर्ख म्हण. माझ्या सलूनमधल्या बायकांना त्यातलं अर्धं मिळालं असतं तर त्या धावत गेल्या असत्या.

आता तुझं. उत्तर द्यायला इतके दिवस लावले, कारण लिहायला बसले की पेन कागदात रुतत होतं. 'ज्याला स्वतःच्या जिवाची किंमत नाही.' हे वाक्य तू कुठून आणलंस, सुवर्णाताई? मी हे आधी ऐकलंय. आत्या आजारी होती तेव्हा सरकारी दवाखान्यातला डॉक्टर हेच म्हणाला होता, असं घरी सांगायचे. ह्या बायका उशिरा येतात, ह्यांना जिवाची पर्वा नसते. आत्या तुझी आई होती. सकाळपासून रांगेत बसायची आणि दुपारी खिडकी बंद व्हायची, हे मला तूच सांगितलंयस. कॅलिफोर्नियात जाऊन तू त्या डॉक्टरचं वाक्य पाठ केलंस? दोघीजणी कॅफेटेरियात काय खातात तेवढं तुला दिसलं. त्यांनी किती दारं ठोठावली ते तू कधी विचारलंस?

मिस व्हर्नाबरोबर मी दवाखान्यात गेले. ती नको म्हणत होती, मी गाडीत जाऊन बसले. डॉक्टर आत आला आणि माझ्याशी बोलायला लागला. ती टेबलावर कागदी गाऊन घालून बसलेली, आणि हा माझ्याकडे बघून विचारतो, "ही किती दिवस दुर्लक्ष करतेय?" माझा चेहरा बघून त्यानं मला डॉक्टर ठरवलं होतं. इथे आपला चेहरा असा चालतो, ताई. क्षणभर मला बरं वाटलं, हे तुझ्यापासून लपवत नाही, आणि मग स्वतःचीच शिसारी आली. मी म्हटलं, तिलाच विचारा, ती तीनदा येऊन गेलीय, सगळं तुमच्याच फाइलमध्ये असेल. त्यानं फाइल उघडली. वर लिहिलेलं होतं, 'सांगितलेलं पाळत नाही.'

गाठीचा तुकडा काढायचं त्यानं त्याच दिवशी ठरवलं. माझ्यादेखत. गाडीत मिस व्हर्नानं सीटबेल्ट लावला. मग म्हणाली, "म्हणजे मी बरोबर एक इंडियन आणायला हवी होती." आम्ही दोघी हसलो, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

सुजाता

*

सनीव्हेल
२० जून २००४

सुजाता,

तुझं पत्र ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचलं आणि तिथेच टाकून द्यावंसं वाटलं. आईला मध्ये आणायचं नव्हतंस.

तू तेव्हा पहिलीत होतीस. दवाखान्यात मी जात होते तिच्याबरोबर. रांगेचं तुला सांगितलं, कारण तेवढंच सांगता येण्यासारखं होतं. एका दिवशी खिडकी बंद व्हायच्या आधी आमचा नंबर लागला. आत शिकाऊ पोरांचा घोळका होता. डॉक्टरनं आडनाव विचारलं. मग हात लावला नाही त्यानं. पेनाच्या टोकानं तिचा पदर बाजूला केला आणि लांबूनच पोरांना समजावून दिलं. तिला एक अक्षर विचारलं नाही. जे वाक्य तू मला सुनावलंस ते तो त्यांना सांगत होता, आणि मी टेबलाशी आईची पिशवी धरून उभी होते. आई परत तिथे गेली नाही. घरी येऊन तिला हात लावून तपासलं ते मोरेश्वरकाकांनी. तोवर फार उशीर झाला होता, पण त्यांनी तिचा हात हातात धरला आणि तिच्याशी बोलले.

म्हणून मी काकांकडेच जाते. ईशानच्या वेळचं सोडलं तर दुसऱ्या कुणा डॉक्टरसमोर मी कपडे उतरवलेले नाहीत. तू मला दारं ठोठावण्याबद्दल शिकवू नकोस.

आणि तू मूर्ख म्हटलंस त्या मैत्रिणीचं. मैत्रीण वगैरे कुणी नाही. गाठ मला आहे. फेब्रुवारीपासून आहे. आता हरभऱ्याएवढी राहिलेली नाही, पण फार मोठीही नाही. डिसेंबरात काकांना दाखवीन. रवींद्रला माहीत नाही. ग्रीन कार्डचे कागद आता कुठे हललेत, त्याच्या जिवाला आधीच घोर आहे. तू घरी फोन केलास तर मी तुझ्याशी कायमची बोलायची बंद होईन. हे मी धमकी म्हणून लिहीत नाहीये, मला माझा स्वभाव ठाऊक आहे.

तू रागावणार. रागाव. पण आईवरून मला परत काही लिहू नकोस.

सुवर्णा

*

पिस्कॅटवे
२७ जून २००४

सुवर्णाताई,

मी फोन केला. पत्र वाचून होताच केला आणि तीन दिवस करत राहिले. ईशान दर वेळी म्हणतो, "मावशी, मॉम इज इन द शॉवर." तुला आंघोळीचं एवढं वेड कधी लागलं?

आत्याचं मला माहीत नव्हतं. तू सांगितलं नसतंस तर मी मरेपर्यंत रांगेचीच गोष्ट सांगत फिरले असते. मी लिहिलं त्याबद्दल माफ कर. पण एवढ्यापुरतंच. पुढचं माफी मागून लिहीत नाहीये.

त्या माणसानं आत्याला पेनानं हात लावला म्हणून तू आता स्वतःला कुणाला हात लावू देणार नाहीस? म्हणजे तो अजून तुमच्या घरात बसलाय, ताई. आत्याला त्यानं घालवलं आणि तुझीही तारीख तोच ठरवतोय, डिसेंबर म्हणून. काकांचा हात कितीही मायेचा असला तरी तो गाठीच्या आत बघू शकत नाही. त्यालाही मशीन लागतं, आणि ते तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. ग्रीन कार्डचं मला कुणी काही सांगू नये. चाळीस घरांत एकमेकांना सांगून सांगून तयार झालेली भीती आहे ती. गाठ असलेल्या बाईचे कागद अडवतात असं लिहिलेलं कुठे बघितलंय तू? दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधले दोष शोधतेस. लवकर सापडला की दुरुस्ती सोपी, हे तूच मला सांगायचीस ना, मान उंच करून?

मला तुझा भयंकर राग आलाय. आणि स्वतःचाही येतो. ह्याच कामाचा पगार घेते, आणि मला ती मैत्रीण खरी वाटली.

मिस व्हर्नाचा रिपोर्ट आला. कॅन्सर आहे. यकृतापर्यंत गेलाय. चौथ्या माणसानं अखेर बघितलं आणि सांगितलं, तुम्ही वर्षभर आधी यायला हवं होतं. तिनं त्याच्या तोंडावर काही फेकून मारलं नाही ह्याचं मला आश्चर्य वाटतं.

तुझं नाव न घेता मी तिला तुझं सांगितलं. सांगायला नको होतं, पण सलून बंद करून ती खुर्चीत टेकली होती, आणि माझा चेहरा बघून तिनं विचारलं. तिचं चर्च मोठं आहे, दर रविवारी ती आजारी माणसांची नावं घेऊन प्रार्थना करते. मला वाटलं म्हणेल, तिचं नाव दे. ती म्हणाली, "तिच्या पर्समध्ये विम्याचं कार्ड आहे आणि ते दाखवलं की दार उघडतं. तरी ती विमानाची वाट बघतेय? मी तिच्यासाठी प्रार्थना करणार नाही. जे माणसाच्या हातात नसतं त्यासाठी मी देवाला त्रास देते. तिला सांग, मी तिच्यावर रागावले आहे."

मी आत्याचंही सांगितलं, पेनाचं. ती हातातला कंगवा पुसत राहिली. मग म्हणाली, "तरीही सांग."

म्हणून सांगतेय. जुलैअखेर तू डॉक्टरकडे गेली नाहीस तर मी रवींद्रभाऊजींच्या ऑफिसात फोन करीन. नंतर माझ्याशी जन्मभर बोलू नकोस. न बोलायला तू असलीस म्हणजे झालं.

सुजाता

*

सनीव्हेल
१९ सप्टेंबर २००४

प्रिय सुजाता,

तू रवींद्रला फोन केला नाहीस. जुलै गेला, ऑगस्ट गेला. रोज संध्याकाळी रवींद्र घरी आला की मी त्याच्या तोंडाकडे बघायची, ह्याला कळलं का. तू गप्प बसलीस म्हणून सुटल्यासारखं वाटायचं आणि तुझाच रागही यायचा. ही एवढी बडबड करते आणि आता काही करत नाही, असा.

मग एका शनिवारी भाजी चिरता चिरता त्याला मीच सांगून टाकलं. तो आधी ओरडला. सात महिने, सुवर्णा? मी ग्रीन कार्डचं म्हटलं तर हातातला रिमोट त्यानं सोफ्यावर आपटला आणि म्हणाला, घाल चुलीत ते कार्ड. मग रडायला लागला. ईशान खोलीतून बाहेर आला आणि पहिल्यांदाच आपणहून मराठीत म्हणाला, "काय झालं?"

सोमवारी गेले. ह्या सगळ्यात तुझा हात होता हे कबूल करायला जड जातं, पण त्याहून तुझ्या मिस व्हर्नाचा जास्त होता. मला न बघितलेली बाई माझ्यावर रागावलीय, ह्या गोष्टीनं मला दोन महिने छळलं. जवळच्यांचा राग अंगवळणी पडतो. तिचा पडेना.

आता तुला सांगायचंय ते नीट वाच.

मी खिडकीवर गेले आणि म्हटलं, मला गाठ आहे. तिथली मुलगी उठून उभी राहिली. म्हणाली, बसा, आजच बघतील. आडनाव विचारलं ते फक्त स्पेलिंगसाठी. डॉक्टरीणबाईंनी तपासायच्या आधी हात चोळून गरम केले आणि मला विचारलं, हात लावू का? सुजी, मी नुसती मान हलवली. मग त्यांनी विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, फेब्रुवारीपासून. मला वाटलं आता ऐकवतील. त्या म्हणाल्या, आलात ते चांगलं केलंत. त्याच दिवशी फोटो काढला, दोन दिवसांनी तुकडा. कुणी वजनाचा विषय काढला नाही. सहा महिन्यांनी या म्हणालं नाही. मी सांगितलं आणि त्यांनी खरं मानलं.

कॅन्सर आहे. पण अजून फार पसरलेला नाही, काखेत एका ठिकाणी आहे. ऑपरेशन आणि नंतर औषधं. बरी होईन असं त्यांना वाटतं. नागपूरची तिकिटं कॅन्सल केली. काकांना फोन केला, ते म्हणाले, मीही तुला तिथेच पाठवलं असतं.

परत येताना मी गाडीत मोठमोठ्यानं ओरडले. रवींद्रला वाटलं भीतीनं. मी रागानं ओरडत होते. मी सात महिने घालवले आणि मला म्हणतात, चांगलं केलंत. ती आठवडाही न घालवता गेली आणि तिच्या फाइलवर लिहिलं, पाळत नाही. आणि तिच्याबद्दल ते वाक्य मी इथे बसून लिहिलं होतं. माझं मार्चचं पत्र फाडून टाक. नको, ठेव.

मिस व्हर्नाला सांग, मी गेले. मला कसं वागवलं ते विचारेल. खोटं सांगू नकोस. खोटं सांगितलंस तर तिला कळेल.

तुझी
ताई

*

पिस्कॅटवे
३ ऑक्टोबर २००४

प्रिय ताई,

पत्र वाचून आधी जमिनीवर बसले आणि पोटभर रडले. मग तुला चार शिव्या दिल्या, आणि चार स्वतःला, कारण तू बोलायची बंद होशील ह्या भीतीनं मी भाऊजींना फोन केलाच नाही. ऑपरेशनला मी येतेय, साहेबांकडून सुट्टी मागितलेली नाही, सांगितलेली आहे. उरलेल्या शिव्या समोरासमोर देईन.

मिस व्हर्ना दोन आठवड्यांपासून हॉस्पिटलात आहे. केस गेलेत. तिची मुलगी सलून बघते. मी काल गेले आणि तुझं सगळं सांगितलं, तू लिहिलंस तसंच. खिडकीवरची मुलगी उठून उभी राहिली ते, डॉक्टरीणबाईंनी हात गरम केले ते. ती डोळे मिटून ऐकत होती. मी थांबले तेव्हा म्हणाली, "बरं झालं. आता मी तिच्यावर रागावलेली नाही." मग विचारलं, "पहिल्याच दिवशी?"

मी म्हटलं, हो.

थोड्या वेळानं तिनं परत विचारलं. "खरंच, पहिल्याच दिवशी?"

मी परत हो म्हटलं. तिनं तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाली, "तू जरा बाहेर जाऊन बस."

मी बाहेर बाकावर जाऊन बसले. समोरच्या भिंतीवर आमचं पोस्टर लावलेलं होतं, छापून आलेलं. तीच हसरी बाई, तोच गुलाबी स्वेटर. 'वेळेवर या.' मी नर्सच्या टेबलावरचं जाड काळं मार्कर उचललं आणि त्याच्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, इंग्रजीत लिहिलं, 'ती आली होती.' नर्सनं बघितलं. ती काळीच होती. तिनं मार्कर परत मागितलं नाही, तेव्हा मी जिन्याजवळच्या पोस्टरकडे गेले.

आज सकाळी साहेबांचा फोन आला, विचारत होते हे कुणी केलं. मी म्हटलं, मी केलं, आणि अजून बरीच पोस्टर्स राहिलीत.

तुझी
सुजाता